सशांसाठी घातलेलं कुंपण आणि त्याच्याशी थबकलेले ढग

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे उपग्रहातून काढलेले फोटो पाहताना एक गोष्ट चटकन नजरेत भरते. जमिनीवर पट्टी ठेवून ओढावी तशी एक शेकडो किलोमीटर लांब रेघ दिसते. रेघेच्या पश्चिमेला वाळल्या काडीच्या रंगाची फिकट शेतं, पूर्वेला काळपट हिरवी झाडी. जमीन अशी दोन रंगांत वाटली गेली यात नवल नाही, ते माणसाने केलेलं आहे. नवल वरच्या अंगाला आहे. काही दिवशी दुपारचे ढगही नेमके त्याच रेघेशी येऊन थांबलेले असतात. झाडीच्या डोक्यावर पिंजलेल्या कापसासारखे पुंजके आणि शेतांच्या डोक्यावर कोरं, निळं आभाळ.

ही रेघ म्हणजे एक तारेचं कुंपण आहे. ते घातलं होतं सशांसाठी.

1859 साली इंग्लंडहून आणलेले काही ससे ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला, व्हिक्टोरियात, शिकारीच्या हौसेपोटी सोडले गेले. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांच्या पिल्लावळीने जवळपास अर्धा खंड पोखरला आणि टोळ्या पश्चिमेकडे सरकू लागल्या. पश्चिमेची नवी शेती वाचवावी म्हणून सरकारने 1901 ते 1907 या काळात उत्तर किनाऱ्यापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत 1,800 किलोमीटरहून लांब कुंपण उभं केलं. काम पुरं होण्याआधीच ससे पलीकडे पोचले होते, म्हणून मागे आणखी दोन कुंपणं घालावी लागली. सशांपुढे कुंपण हरलं, पण शेतीची हद्द म्हणून ते टिकलं. आज त्याच्या दक्षिणेकडच्या भागात साधारण 750 किलोमीटर पट्ट्यात एका बाजूला गहू पिकतो आणि दुसऱ्या बाजूला मूळची झाडी उभी आहे. जमिनीचा चढउतार तोच, माती बरीचशी तशीच, वरून वाहणारा वाराही तोच. फरक एवढाच की एका बाजूचं मूळचं झाडझुडूप काढून टाकलं आहे.

हवामानशास्त्रात असा योग दुर्मीळ. प्रयोगशाळेत दोन सारख्या परीक्षानळ्या घेऊन एकीतच बदल करता येतो, पण अख्ख्या प्रदेशाबाबत तसं कोण करणार? इथे नकळत तसं झालं. म्हणून झाडी तोडून शेती केल्यावर हवामानाचं काय होतं हे समजून घ्यायचं तर मला या कुंपणाजवळ उभं राहावंसं वाटतं. ॲमेझॉनचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण गोष्ट इतकी स्वच्छ इथेच दिसते.

ती जमीन रिकामी नव्हती

आधी जे गेलं ते काय होतं? 'मूळची झाडी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आंबोलीचं नाहीतर कोयनेचं घनदाट रान येतं. इथे तसं काही नाही. कुंपणाच्या परिसरात वर्षाचा पाऊस साधारण 300 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. तरी या नैर्ऋत्य कोपऱ्यात वनस्पतींच्या 8,000 हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. निलगिरीच्या कुळातली तांबूस, गुळगुळीत खोडाची सॅमन गमची झाडं, एकाच बुंध्यातून अनेक फोक फुटणारी मॅली, आणि वाळूवर पसरलेली बँक्सियाची कमरेएवढी झुडपं. वरून पाहिलं तर रान विरळ आणि ओबडधोबड. नूनगार लोक या भूमीवर हजारो वर्षं राहत आले. त्यांच्या पंचांगात सहा ऋतू आहेत. त्यातला जून-जुलैचा 'मकुरू' म्हणजे थंडीचा आणि पावसाचा. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागेल.

गोऱ्या वसाहतदारांना हे रान म्हणजे अडगळ वाटली. 1890 च्या दशकात कालगुर्लीला सोनं सापडलं, माणसं आली, रेल्वे आली, आणि सोनं ओसरल्यावर माणसांनी जमिनीकडे मोर्चा वळवला. खरा झपाटा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. तोवर या हलक्या, वाळूच्या जमिनीत पीक का येत नाही याचं उत्तर सापडलं होतं: सुपर फॉस्फेट आणि चिमूटभर तांबं, जस्त टाकलं की गहू येतो. मग दोन मोठे ट्रॅक्टर समांतर चालवायचे, त्यांच्यामध्ये जहाजाच्या नांगराची जाडजूड साखळी बांधायची आणि मधलं सगळं रान आडवं करत जायचं. वाळलं की पेटवायचं. 1960 च्या दशकात तिथल्या सरकारची घोषणाच होती, 'वर्षाला दहा लाख एकर'. सरकारकडून जमीन घेताना ती ठरलेल्या मुदतीत साफ करण्याची अट असायची. झाडी राखणारा शेतकरी कराराचा भंग करणारा ठरत असे.

एकंदर सुमारे 1 कोटी 30 लाख हेक्टर रान असं गेलं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 कोटी 7 लाख हेक्टर, म्हणजे आपल्या राज्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. काही तालुक्यांएवढ्या भागांत आता दहा टक्केसुद्धा मूळ झाडी उरलेली नाही.

कुंपणाच्या दोन बाजूंना हवा काय करते

पर्थच्या मर्डॉक विद्यापीठातले टॉम लायन्स 1990 च्या दशकापासून या प्रश्नाच्या मागे होते. 2005 पासून त्यांनी अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचे (हंट्सव्हिल) उदयशंकर नायर आणि इतरांबरोबर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मोजमापं सुरू केली. उपकरणं लावलेलं छोटं विमान कमी उंचीवरून शेतावरून झाडीवर, झाडीवरून शेतावर न्यायचं, आणि दोन्हीकडून हवामानाचे फुगे सोडायचे. प्रयोगाचं नावही त्या सशांवरूनच पडलं.

आता यातलं शास्त्र. मुळात ते आपल्या अंगणातलंच आहे.

जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचं काय होतं ते बघू. थोडं ऊन लगेच परत आकाशात फेकलं जातं. उरलेलं तीन वाटांनी खर्च होतं: थोडं माती तापवतं, थोडं वरची हवा तापवतं आणि थोडं पाण्याची वाफ करतं. ही शेवटची वाट आपण कमी लेखतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात 1,000 वॅटची इस्त्री सुमारे 40 मिनिटं चालेल. आणि एका हेक्टरवरून नुसतं एक मिलिमीटर पाणी उडालं तरी ते 10,000 लिटर होतं. संध्याकाळी अंगणात सडा टाकला की उकाडा का कमी होतो आणि माठातलं पाणी का गार राहतं, ते याच हिशेबात आहे. झाड दिवसभर आपल्या पानांतून असाच सडा टाकत असतं, फक्त तो वरच्या दिशेने.

कुंपणाच्या पश्चिमेला गहू एप्रिल ते जूनमध्ये पेरला जातो आणि वर्षअखेरीस कापला जातो. ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे ऊन सर्वांत कडक असतं तेव्हा शेतात फक्त धसकटं. त्यांची मुळं मेलेली, वरची माती कोरडी, वाफ व्हायला काही नाही. कुंपणाच्या पूर्वेला मात्र झाडं जिवंत आहेत. त्यांची मुळं खोल गेलेली, काहींची दहा मीटरच्याही खाली, आणि ती हिवाळ्यात मुरलेलं पाणी उन्हाळ्यात पुरवून पुरवून वापरतात. पाऊस चार महिन्यांचा असला तरी झाडी तो बारा महिन्यांत वाटून हवेला परत करते. शेत तसं करत नाही. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत मोलाचा मुद्दा वाटतो, कारण आपण पाऊस किती पडला हे मोजतो, पण तो वर्षभर कसा परत गेला हे कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. कोरडी फिकट वाळू आणि धसकटं झाडीच्या तुलनेत साधारण दीडपट ते दुप्पट ऊन परत फेकतात. काळपट झाडी ते शोषून घेते. उन्हात काळा शर्ट आणि पांढरा शर्ट घालून फिरलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: पृष्ठभागाचा खडबडीतपणा. कापलेलं शेत वाऱ्याला सपाट फरशीसारखं. झाडी म्हणजे उंचसखल, फांद्या-पानांचं जंजाळ. वारा तिच्यात अडतो, गिरक्या घेतो, घुसळला जातो. गरम चहा बशीत ओतून फुंकर घातली की तो पटकन निवतो, कारण चहाचा हवेशी संबंध वाढतो. झाडीचं तसंच आहे. लाखो पानांवरून वारा फिरतो आणि पानांत साठलेली उष्णता उचलून वर नेतो.

इथे एक गोंधळ होतो, तो सोडवून घेऊ. झाडाखाली गार वाटतं हे खरं. दुपारी शेताची उघडी माती झाडीपेक्षा जास्त तापते हेही खरं. मग झाडीवरच्या हवेला शेतापेक्षा जास्त ऊर्जा कशी मिळते? कारण शेत तापतं पण ती उष्णता हवेला द्यायचं त्याचं कसब कमी. सपाट पृष्ठभागावर हवा नुसती घसरत जाते. झाडी स्वतः फार तापत नाही, कारण मिळालेली उष्णता ती लगेच हवेला देऊन मोकळी होते. शिवाय मुळात तिने ऊनही जास्त घेतलेलं असतं. देणारा हात मोठा आणि देण्याची सवयही मोठी. त्यामुळे झाडीवरची हवा जोराने आणि जास्त उंच वर चढते. सोबत पानांतून आलेला ओलावा असतो. वर जाताना हवा थंड होते, आणि एका ठरावीक उंचीला पोचली की तिच्यातली वाफ थेंबांत बदलते. तोच ढग. शेतावरची हवा बऱ्याचदा त्या उंचीपर्यंत पोचतच नाही. म्हणून आभाळातली ती रेघ.

ढग दिसले, पण पाऊस?

इथे थांबून प्रामाणिकपणे सांगायला हवं. कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग म्हणजे पाऊस नव्हे. आपल्याकडेही एप्रिल-मेमध्ये दुपारी असे ढग येतात, सावली देतात आणि विरून जातात. कुंपणावरचा फोटो दाखवून 'बघा, झाडी गेली आणि पाऊस गेला' असं म्हणणं घाईचं आहे. या भागातला खरा पाऊस हिवाळ्यात, दक्षिण महासागरावरून पश्चिमेकडून येणाऱ्या थंड हवेच्या लाटांबरोबर येतो. त्या लाटा एका कुंपणाने ना बनतात ना मोडतात.

तरीही तिथला पाऊस घटला आहे, आणि ठळकपणे. 1970 नंतर नैर्ऋत्य कोपऱ्यातला एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊस सुमारे 16 टक्क्यांनी कमी झाला. मे ते जुलैचा तर साधारण 20 टक्क्यांनी. म्हणजे नूनगार लोकांच्या त्या मकुरूचाच कणा मोडला.

16 टक्के ऐकायला फार वाटत नाही. पण धरणाला विचारा. पहिला पाऊस तहानलेली माती पिऊन टाकते, ती तृप्त झाली की मगच ओढे वाहतात. त्यामुळे पाऊस थोडा घटला तरी धरणात येणारं पाणी कितीतरी जास्त घटतं. पर्थ शहराच्या धरणांमध्ये 1911 ते 1974 या काळात वर्षाला सरासरी 338 अब्ज लिटर पाणी येत असे. आपल्या भाषेत सुमारे 12 टीएमसी, पानशेत भरून थोडं उरेल इतकं. 1975 ते 2000 या पंचवीस वर्षांत ते जवळपास निम्म्यावर, साधारण 6 टीएमसीवर आलं. पुढच्या दशकात आणखी खाली. शेवटी 2006 मध्ये पर्थजवळ क्विनाना इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना सुरू झाला, 2011 मध्ये बिनिंगअपला दुसरा. हिवाळी पावसावर विसंबलेल्या शहरावर समुद्र पिण्याची वेळ आली.

याला जबाबदार कोण, यावर शास्त्रज्ञांत खडाजंगी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एक मोठं कारण जागतिक आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीच्या वाऱ्यांचे पट्टे सरकताहेत आणि पाऊस आणणाऱ्या त्या पश्चिमी लाटा दक्षिणेकडे, म्हणजे किनारा सोडून महासागरावरच, जाऊ लागल्या आहेत. बहुतेक हवामान संस्था घटीचा मोठा वाटा या कारणाला देतात. दुसऱ्या बाजूला, झाडी गेल्याने जमीन गुळगुळीत झाली की काय होतं ते संगणकावरच्या प्रारूपांतून काही गटांनी तपासलं. समुद्रावरून आलेली ओली हवा पूर्वी किनाऱ्यालगतच्या खडबडीत झाडीला अडायची, तिचा वेग मंदावायचा, मागून येणारी हवा तिच्यावर चढायची आणि वर गेली की पाऊस द्यायची. सह्याद्री जे डोंगराच्या उंचीने करतो, त्याचं अगदी छोटं रूप समजा. झाडी गेल्यावर हवेला तो अडसर राहिला नाही. पाऊस किनाऱ्यालगत घटतो आणि आत कुठेतरी थोडा वाढतो, असं प्रारूपं दाखवतात. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या मार्क अँड्रिच आणि यॉर्ग इंबर्गर यांनी 2013 मध्ये मांडलं की काही भागांत घटीचा निम्म्याहून अधिक वाटा झाडतोडीचा आहे. हा आकडा सगळ्यांना मान्य नाही.

माझं मत विचाराल तर टक्क्यांचा वाद महत्त्वाचा आहे, पण त्यात एक धोका आहे. 'जगाच्या तापमानवाढीमुळे झालं' म्हटलं की स्थानिक निर्णय सुटतात. 'झाडतोडीमुळे झालं' म्हटलं की कोळसा जाळणारे सुटतात. दोन्ही गोष्टी एकाच आभाळात घडल्या. आणि झाडी असती तर येणारा धक्का तिने थोडा तरी सोसला असता की नाही, हा प्रश्न टक्केवारीने मिटत नाही.

जमिनीखालून आलेलं उत्तर

पावसाबद्दल वाद आहे, पण मिठाबद्दल कुणालाही शंका नाही.

या भागावर समुद्रावरून येणारा पाऊस हजारो वर्षं कणाकणाने मीठ आणत आला. मूळची झाडी पडलेला जवळपास सगळा पाऊस पिऊन टाकत असे, त्यामुळे मीठ खाली मातीत पडून राहिलं, हेक्टरी शेकडो टन. झाडी होती तोवर ते झोपलेलं होतं. गव्हाची मुळं उथळ आणि आयुष्य सहा महिन्यांचं. न प्यायलेलं पाणी थोडं थोडं करून खाली झिरपू लागलं. भूजलाची पातळी दशकानुदशकं वर चढली आणि येताना ते मीठ विरघळवून घेऊन आली. खोलगट भागात ते पृष्ठभागावर पोचलं की पांढरा थर, मेलेली झाडं, काही न उगवणारी जमीन. पश्चिम ऑस्ट्रेलियात दहा लाख हेक्टरहून जास्त जमीन अशी गेली.

शिरोळ, सांगलीकडच्या शेतकऱ्याला हे दृश्य परकं वाटणार नाही. तिथे उसाला पाटाचं पाणी जास्त झालं, पाणीपातळी चढली आणि जमीन क्षारपड झाली. तिकडे पाणी बाहेरून आलं नाही, पिणारं झाड गेलं एवढंच. पण जमिनीच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकच: जेवढं येतं त्यापेक्षा कमी वापरलं गेलं.

हे कुणाला आधी कळलं? वाफेच्या इंजिनाला पाणी पुरवणाऱ्या माणसाला. डब्ल्यू. ई. वूड हे रेल्वेतले अभियंते. इंजिनांसाठी बांधलेल्या तलावांच्या वरच्या अंगाची झाडी तोडली की काही वर्षांत पाणी खारट होतं आणि बॉयलर बिघडतात, हे त्यांनी पाहिलं आणि 1924 मध्ये कारणासहित छापून ठेवलं. 'वर्षाला दहा लाख एकर' ही घोषणा त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आली. हे वाचताना मला फार वाईट वाटतं. माहिती नव्हती असं म्हणायची सोयच राहत नाही.

शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाची कथाही अशीच. 1865 च्या दुष्काळात जॉर्ज गॉयडर या सरकारी भूमापकाने घोड्यावरून हिंडून, जमिनीवरची झुडपं पाहत एक रेघ आखली: याच्या उत्तरेला भरवशाचं पीक येणार नाही. पुढच्या दशकात पाऊस चांगला झाला आणि लोक रेघ ओलांडून गेले. 'नांगरामागून पाऊस येतो' असा त्या काळी अनेकांचा विश्वास होता. जमीन फोडली की आभाळ फुटतं. 1880 च्या दशकात दुष्काळ आले आणि माणसं पडकी घरं मागे टाकून परतली. त्या भिंती आजही तिथे उभ्या आहेत. शेतीने हवामान बदलतं हे त्या लोकांचं म्हणणं चूक नव्हतं, दिशा उलटी होती.

सगळीकडे असंच होतं का?

नाही, आणि याबाबत सरधोपट बोलू नये. ब्राझीलच्या ऱ्होंडोनिया भागात ॲमेझॉनचं जंगल सुरुवातीला रस्त्याच्या कडेने बारीक पट्ट्यांत तोडलं गेलं. तिथे उलट तोडलेल्या पट्ट्यांवर ढग जास्त दिसू लागले. ओलं जंगल आणि तापलेली मोकळी जागा यांच्या फरकामुळे मोकळ्या जागेवरची हवा वर उसळत होती. पण पट्टे रुंदावून मोठी कुरणं झाली तसा नमुना बदलला. पाऊस वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकला आणि मागचा भाग कोरडा होऊ लागला. म्हणजे किती तोडलं यावर परिणामाची फक्त मात्रा नव्हे तर दिशाही ठरते. थोड्या तोडीचा अनुभव सांगून मोठ्या तोडीचं समर्थन करणं म्हणूनच चुकीचं.

पाण्याची शेती आणखी वेगळी. पंजाब-हरियाणात उन्हाळ्यातसुद्धा ओलिताची जमीन वाफ सोडते आणि दिवसाचं तापमान थोडं खाली ठेवते. तिथे किंमत आभाळ नव्हे, भूजल मोजतं.

भारतातल्या मोसमी पावसाबद्दल आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जंगलाची जागा पिकांनी घेतली की पानांतून परत जाणारी वाफ कमी होते, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात, जेव्हा जमीन ओली असते आणि तिचीच वाफ पुन्हा पाऊस होऊन पडते, तेव्हा तो पाऊस कमी पडतो. विशेषतः गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येला. 2018 मध्ये तिथल्याच अभ्यासातून पश्चिम घाटाबद्दल कळलं की घाटातली झाडी जी वाफ सोडते, तिचा तामिळनाडूत पडणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी पावसात लक्षणीय वाटा आहे. आपण घाटाकडे पाऊस अडवणारी भिंत म्हणून पाहतो. ती भिंत पाऊस पुढे पाठवणारीही आहे. घाटात एखादा डोंगर उघडा पडला की त्याचं बिल कदाचित दुसऱ्या राज्यातल्या शेतकऱ्याच्या दारात जातं.

आणि एक शब्द मला खटकतो: 'पडीक'. दख्खनच्या माळरानांना आपण सातबाऱ्यावर आणि बोलण्यात सहज पडीक म्हणतो. गवत, बोरी-बाभळी, खुरटी झुडपं; लांडगा, चिंकारा आणि मेंढपाळांचे वाडे यांचं घर. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या त्या मॅलीलाही असंच रिकामं म्हटलं गेलं. जमिनीला पडीक म्हटलं की ती मोडणं हे नुकसान न राहता विकास होतो. सगळा हिशेब त्या एका शब्दात आधीच मांडून झालेला असतो.

गेलेलं परत येतं का

तिथल्या शेतकऱ्याला खलनायक करून हा विषय संपवता येणार नाही. पाऊस घटत असतानाही त्यांनी गव्हाचं हेक्टरी उत्पादन वाढवलं: नांगरट जवळपास बंद केली, धसकटं जमिनीवरच राखली, लवकर पेरणी केली, ओलाव्याचा थेंबन् थेंब जपला. अनेकांनी शेतात तेल देणाऱ्या मॅलीच्या दुहेरी रांगा लावल्या, दोन रांगांमध्ये रुंद पट्ट्यात गहू. ही झाडं खोलवरचं पाणी ओढतात, मिठाला वर येऊ देत नाहीत, वाऱ्याला अडवतात. 2002 पासून गोंडवाना लिंक नावाच्या उपक्रमात अनेक संस्था मिळून नैर्ऋत्येच्या, निलगिरीच्याच कुळातल्या उंच कारी झाडांच्या जंगलांपासून आतल्या कोरड्या वनांपर्यंत सुमारे 1,000 किलोमीटरचा झाडीचा पट्टा जोडत आहेत. मधली शेतं विकत घ्यायची आणि शेकडो स्थानिक जातींचं बी पेरून तिथे पुन्हा रान उभं करायचं, असं ते काम चालतं.

याने पाऊस परत येईल का? एवढ्या लागवडीने नाही. ढगांना एखादा बांध किंवा एखादं शेत दिसत नाही, त्यांना दहा-वीस किलोमीटरचे सलग पट्टे दिसतात. 1 कोटी 30 लाख हेक्टरांपुढे लावलेली झाडं अजून फार थोडी आहेत. शिवाय सॅमन गमसारख्या झाडाला जुनं व्हायला शंभर-दोनशे वर्षं लागतात, आणि पक्ष्यांची घरटी होणाऱ्या ढोली त्याहून नंतर पडतात. परतफेड व्हायची ती आधी जमिनीखाली होते, भूजल उतरतं, मीठ थांबतं. आभाळाचा नंबर शेवटी.

कुंपणाच्या पूर्वेला मात्र 1 कोटी 60 लाख हेक्टरचं सलग रान आजही उभं आहे, समशीतोष्ण पट्ट्यातलं जगात उरलेलं सर्वांत मोठं विरळ झाडीचं वन. पाऊस इतका कमी की नांगर तिथवर गेला नाही, म्हणून ते वाचलं. दक्षिण किनाऱ्याकडून कुंपणाला लागून एक कच्चा रस्ता उत्तरेला जातो. एका हाताला तांबूस खोडांची गर्दी, दुसऱ्या हाताला क्षितिजापर्यंत धसकटं, मध्ये खांबांवर ताणलेली तार, आता सशांसाठी नव्हे, इमूंनी गव्हात शिरू नये म्हणून.